घनतेचा धडा, पोचट दाणा आणि कापलेले दीड गुण

रानजाई

नमस्कार मंडळी. मी जव्हार तालुक्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. माहेर नाशिक शहरातलं, इथे येऊन अकरा वर्षं झाली. एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

घटक चाचणीत प्रश्न होता : घनता म्हणजे काय ते सांगून रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण लिहा. गुण दोन. वर्गात मी लोखंडी खिळा आणि जहाज हे नेहमीचं उदाहरण दिलं होतं. बहुतेकांनी तेच लिहिलं. जहाज त्यातल्या एकानेही पाहिलेलं नाही. एका मुलाने मात्र असं लिहिलं :

"भात पेरायच्या आधी बाबा मिठाच्या पान्यात बी टाकतो. पोचट दाना वर येतो. भरलेला खाली बसतो. पोचट दाना तेवढाच मोठा पन हलका."

मी त्याला अर्धा गुण दिला. समासात लिहिलं, "व्याख्या नाही. शुद्धलेखन सुधारा."

दोन दिवसांनी गुण वहीत चढवताना ते उत्तर पुन्हा वाचलं आणि हात थांबला. "तेवढाच मोठा पण हलका." आकारमान तेच, वस्तुमान कमी. घनतेचं सगळं मर्म त्या चार शब्दांत आहे. ज्यांनी "एकक आकारमानातील वस्तुमान म्हणजे घनता" असं घोकून लिहिलं त्यांना मी पूर्ण गुण दिले होते. त्यांतल्या तिघांना मी नंतर विचारलं, एकक म्हणजे काय? तिघेही गप्प.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला म्हटलं, बाबा बी कसं निवडतात ते वर्गाला दाखव. त्याने घरून बियाणं आणलं. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, हे प्रमाण त्याला तोंडपाठ होतं. आधी साध्या पाण्यात टाकलं तर अगदीच रिकामे दाणे वर आले. मिठाच्या पाण्यात अर्धवट भरलेलेही वर आले. मग एका मुलीने विचारलं, "बाई, मग अजून मीठ टाकलं तर चांगला दाणा पण वर येईल का?" अकरा वर्षांत घनतेच्या धड्याला मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्ही कोंबडीचं अंडं आणलं. तीन टक्क्यांच्या पाण्यात ते बुडालं. मीठ वाढवत गेलो, तेव्हा लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वर आलं. मुलांनी दर वेळी वहीत नोंद केली.

मुलाचे गुण मी सुधारले. पण माझा प्रश्न त्या दीड गुणापुरता नाही. अशी किती उत्तरं मी आजवर कापली असतील? तुमच्यातले शिक्षक, पालक, शिकलेले, शिकत असलेले यांनी सांगा. मुलाच्या घरातलं, रानातलं ज्ञान विज्ञानाच्या तासाला कसं आणायचं, आणि ते आणताना काय सांभाळायचं?

शाईची दौत

ताई, वाचून पोटात कालवलं. मी सोलापूर जिल्ह्यात सेमी इंग्रजीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. आमच्याकडे मुलं घरी कन्नड बोलतात, शाळेत मराठी, आणि विज्ञानाला इंग्रजी पुस्तक. 'डेन्सिटी' शब्द येतो, स्पेलिंग येतं. "जड" आणि "घन" यातला फरक विचारला की गोंधळतात, कारण घरात दोन्हीला एकच शब्द वापरतात. तुमच्या मुलाने "तेवढाच मोठा" हे शब्द जोडले, तिथेच त्याने फरक केला आहे.

तुमचा प्रयोग उद्या करते. आमच्याकडे भात नाही, ज्वारी आहे. बघू.

डोंगरमाथा

मी धडगाव भागातला, पावरी घरातला. आश्रमशाळेत शिकलो, पुढे अभियांत्रिकी केली, आता पुण्यात नोकरी करतो. ताईंच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण मला या सगळ्याची थोडी भीती वाटते, ती स्पष्ट मांडतो.

आमच्या शाळेत एक गुरुजी होते. फार प्रेमळ. आम्हाला झेपणार नाही म्हणून ते सूत्रं गाळायचे. "तुम्हाला शेतीच करायची आहे, एवढं पुरे," म्हणायचे. मोहाची फुलं, डिंक, तेंदूपानं यांवर छान गप्पा व्हायच्या. मग मी अकरावीला शहरात आलो. पहिल्या महिन्यात भौतिकशास्त्राच्या तासाला एक अक्षर कळेना. ज्या पोरांना सूत्रं रटवून घेतली होती ती निदान गणित सोडवत होती. मला दोन वर्षं लागली ती दरी भरायला. माझे तीन मित्र त्या दरीतच राहिले.

तेव्हा आमच्या मुलांसाठी सोपं विज्ञान आणि शहरातल्या मुलांसाठी खरं विज्ञान अशी वाटणी होणार असेल तर नको. पोचट दाण्यापासून सुरुवात करा, पण D = m/V (घनता = वस्तुमान भागिले आकारमान) पर्यंत त्याला न्याच. त्याच तासात न्या.

रानजाई

डोंगरमाथा दादा, तुम्ही बोलला ते बरं झालं. सूत्र मी त्याच तासात दिलं, पण खरं सांगायचं तर शेवटच्या दहा मिनिटांत, घाईघाईने. तुमचा प्रतिसाद वाचून काल परत तो तास घेतला. शंभर भरलेले दाणे आणि शंभर पोचट दाणे वजन केले. किराणा दुकानातून सोन्याच्या काट्यासारखा छोटा काटा मागून आणला. आकारमानासाठी मोजपात्रात पाणी घेऊन दाणे बुडवायचे म्हटलं, तर पोचट बुडेनात. ते कसे बुडवायचे यावर अर्धा तास गेला. शेवटी एकाने तारेची जाळी करून दाबून धरली. भागाकार मुलांनीच केला. पाण्याची घनता एक, आणि पोचट दाण्यांचं उत्तर एकापेक्षा कमी आलं तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही.

कोपीतला

बीड जिल्हा, पाटोदा तालुका. आई-बाप ऊसतोड कामगार. आता विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करतो.

इथं सगळे 'कसं शिकवायचं' यावर बोलतायत. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. वर्गात कोण असतं? आमची टोळी दिवाळी झाली की निघायची, मुकादमाची उचल घेतलेली असायची. परत यायला मार्च-एप्रिल उजाडायचा. म्हणजे दर वर्षी पहिलं सत्र शाळेत आणि दुसरं सत्र फडात. याचा एक परिणाम कोणाच्या लक्षात येत नाही : दुसऱ्या सत्रातले धडे दर वर्षी बुडायचे. सहावीत प्रकाश दुसऱ्या सत्रात, सातवीत परत दुसऱ्या सत्रात. भिंगाचा धडा मी आयुष्यात वर्गात बसून शिकलो नाही. दहावीला स्वतः पुस्तक वाचून केला. मी 'प्रकाशात कच्चा' अशी शिक्षकांची समजूत होती. प्रकाश शिकवला तेव्हा मी गावात नव्हतो, एवढंच ते होतं.

साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. जिथं नीट चालली तिथं पोरं टिकली. पण कोणी धड्यांचा क्रम उलटा करून पाहिला का? स्थलांतर करणाऱ्या गावात एका वर्षी दुसऱ्या सत्राचे धडे आधी घ्यायचे. खर्च शून्य. माझ्या गावच्या शाळेत मी हे सुचवलं. उत्तर मिळालं, चाचणीचं वेळापत्रक वरून येतं.

आणि फडात विज्ञान नव्हतं असं नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वाळतो आणि साखरेचा उतारा घसरतो, हे माझ्या आईला माहीत होतं. गाडी कारखान्यावर नंबर लागायची वाट बघत उभी राहिली की वजन कमी भरायचं आणि मजुरी टनावर, म्हणून तिचा जीव खालीवर व्हायचा. सुक्रोजचं विघटन मी एम.एस्सी.ला शिकलो तेव्हा मला आईचा तो चेहरा आठवला. हे कोणी मला आठवीत जोडून दिलं असतं तर रसायनशास्त्र माझं आहे हे मला दहा वर्षं आधी कळलं असतं.

जुनी वही

निवृत्त आहे, विज्ञान शिक्षणात चाळीस वर्षं गेली. तरुण मंडळींना थोडा मागचा धागा जोडून देतो, कारण आपण शून्यापासून सुरुवात करत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे हवेत अशी मागणी आहे. त्याहून महत्त्वाचं, शिक्षक शेतकरी समाजातून तयार करावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटणार नाही, असंही त्यांनी म्हटलं. आज 'संस्कृतीशी नातं सांगणारं अध्यापन' अशा नावाने जे अमेरिकेतून येतं त्याचा गाभा आपल्याकडे तेव्हा लिहून ठेवलेला आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबादला गेल्या. गुरं राखायला जाणारी वारली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा काढली. कोपीतला यांच्या प्रश्नाला हे फार जवळचं आहे : मुलाचं वेळापत्रक आधी, शाळेचं नंतर.

होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम १९७२ साली मध्य प्रदेशात सोळा शाळांत सुरू झाला. मुलं गटात प्रयोग करत, नोंदी करत, निष्कर्ष स्वतः काढत. पण त्यांनी एक गोष्ट केली जी फार थोड्यांना जमली. त्यांनी परीक्षा बदलली. पुस्तक उघडं ठेवून लेखी परीक्षा, आणि शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. पुस्तक समोर असल्यावर व्याख्या विचारण्यात अर्थच उरत नाही. रानजाईताई, तुमचे दीड गुण तिथे कापले गेले नसते. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला, तरी त्यात घडलेले शिक्षक मी पाहिले आहेत. ते आयुष्यभर वेगळे शिकवत राहिले.

आणि भाषेबद्दल. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ चं. सुरुवातीच्या काळात त्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांमध्ये काम केलं, आणि पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांच्या आकलनात काय फरक पडतो हे तपासलं. मुलाला विज्ञान कळत नाही असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला वाक्य कळलेलं नसतं. शिक्षणहक्क कायद्यात (२००९) शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलं आहे. ते 'शक्य असेल तिथवर' कुणी ठरवायचं, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

निळी पहाट

इथवरचं सगळं वाचलं. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सोपी नाही.

सातवीत असताना आमच्या सरांनी 'परिसरातले उद्योग' शिकवताना कातडी कमावण्याचा विषय काढला. बाभळीची साल, हिरडा, चुना. मग वर्गाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग, तुमच्या घरी कसं करतात?" माझ्या आजोबांनी तो धंदा सोडून चाळीस वर्षं झाली होती. वडील पोस्टात होते. मला हिरडा कशाला वापरतात ते माहीतही नव्हतं. पण त्या दिवसापासून वर्गात माझं नाव बदललं. सरांचा हेतू वाईट होता असं मी आजही म्हणत नाही. त्यांना वाटलं, ते माझ्या ज्ञानाचा मान ठेवतायत.

म्हणून 'मुलाची संस्कृती वर्गात आणा' हे वाक्य मला ऐकवत नाही, जोवर कोणी हे सांगत नाही की आपल्या गावात काम जातीने वाटलेलं होतं, आणि कामाबरोबर अपमानही वाटलेला होता. भाताचं बी सांगताना मूल ताठ उभं राहतं. प्रत्येक घरचं ज्ञान असं ताठ मानेने सांगता येत नाही. साल-हिरड्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना कसं बांधतं हे अप्रतिम रसायनशास्त्र आहे आणि ते सगळ्या वर्गाला शिकवायलाच हवं. पण ते कुणा एका मुलाच्या कपाळावर चिकटवू नका. मुलाने आपणहून आणलं तर आणू द्या. शिक्षकाने आडनाव वाचून मागू नये.

रानजाई

निळी पहाट, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मी त्या मुलाला "बाबा कसं करतात ते दाखव" म्हटलं तेव्हा त्याने आधी स्वतः लिहिलेलं होतं, हा योगायोग. त्याने लिहिलं नसतं तर मीही कदाचित नावं बघून विचारत सुटले असते. आता वर्गात एक डबा ठेवला आहे. ज्याला घरचं काही सांगायचं असेल त्याने चिठ्ठी टाकायची, नाव लिहिलं तर लिहिलं. पहिल्याच आठवड्यात शेवळ्याच्या रानभाजीत काकड (रानातलं आंबट फळ) का घालतात, अशी चिठ्ठी आली. काकड नसलं तर चिंच चालते, पण आंबट नसेल तर घसा खाजतो म्हणे.

विवेकी

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते. रानजाईताई, मग चिठ्ठीत उद्या असंही येईल की साप चावल्यावर भगताने मंत्र म्हटला आणि काका वाचला. तेव्हा काय कराल? मान ठेवायचा म्हणून गप्प बसाल?

आम्ही शाळांत जातो तेव्हा भगताची टिंगल करत नाही, कारण तो त्या मुलाचा आजोबा असू शकतो. आम्ही विचारतो, चावलेला साप कोणता होता? नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार आपल्याकडचे प्रमुख विषारी. बाकी बरेच बिनविषारी. बिनविषारी चावल्यावर मंत्राने माणूस वाचणारच, मंत्राविनाही वाचणार. मग मुलांनाच विचारतो, मंत्राने फरक पडतो का हे कळायला कोणती माहिती हवी? मुलं बरोबर सांगतात : विषारी साप चावलेले किती, त्यातले भगताकडे गेलेले किती, दवाखान्यात गेलेले किती. आणि तिथेच न अडखळता सांगतो की साप चावला की तडक दवाखाना, प्रतिविष तिथेच मिळतं. हे चर्चेवर सोडायचं नाही.

याच वेळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट सांगावी. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं दगावत. त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात रुग्णांशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध तिथे उपयोगी पडतं हे दाखवलं. विज्ञान आपल्या पायवाटेवरही घडतं, हे मुलांना यातून दिसतं.

दूरदेशी

ऑकलंडहून. मूळची साताऱ्याची. इथल्या शाळांत माओरी ज्ञानपरंपरेवरून मोठा वाद झाला. २०२१ मध्ये इथल्या विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी पत्र लिहून म्हटलं की ते ज्ञान मोलाचं असलं तरी विज्ञान नव्हे. त्यावर देशभर भांडण पेटलं. दोन्ही बाजूंची चांगली माणसं दुखावली गेली.

वादाचा निकाल मी देणार नाही. पण माझी मुलगी शाळेतून मातारिकी शिकून आली. हिवाळ्यात पहाटे उगवणारा ताऱ्यांचा पुंजका, त्यावरून माओरी नवं वर्ष. २०२२ पासून त्याची सार्वजनिक सुट्टी असते. मी तो पुंजका बघितला आणि म्हटलं, अगं, या तर कृत्तिका! व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला विचारलं. तिने कृत्तिका, रोहिणी, मृग, सगळी नक्षत्रं पाऊस-पेरणीसकट धडाधडा सांगितली. मुलीने आजीला पहिल्यांदाच 'तुला खगोलशास्त्र येतं?' असं विचारलं. मी चाळीस वर्षं त्या बाईची मुलगी आहे, मी कधी विचारलं नव्हतं.

इंद्रावती

गडचिरोलीहून. दूरदेशी ताई, मयंक वाहिया आणि गणेश हलकारे या संशोधकांनी आपल्या भागात गोंड गावांतून हिंडून आकाशाबद्दलच्या समजुती नोंदवल्या आहेत. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि शेपटीचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. मी हे वर्गात सांगितलं तर पोरं म्हणाली, "सर, हे तर आम्हाला माहीतच आहे." मग मी विचारलं, रात्री आठला खाट कुठं होती, बाराला कुठं? आठ दिवस त्यांनी अंगणातून चित्रं काढली. ध्रुवाभोवती खाट फिरते हे मी सांगायच्या आधी त्यांनीच काढलं. पृथ्वीचं परिवलन त्यानंतर शिकवलं, नावासकट, मराठीत आणि माडियात.

डोंगरमाथा

इंद्रावती सर, "नावासकट" हे वाचून बरं वाटलं. माझी भीती गेली असं म्हणणार नाही, पण आता मला ती नीट सांगता येते. आमच्या गुरुजींनी मोहाच्या फुलाच्या गप्पा मारल्या, पण त्यातून कधी प्रश्न काढला नाही. त्या मुलीने "अजून मीठ टाकलं तर?" विचारलं, तसं आम्हाला कोणी विचारू दिलं नाही. मोह आंबतो तेव्हा फुगे कसले येतात, हे मी लहानपणी रोज बघत होतो. कोणी मला चुन्याच्या निवळीतून ते फुगे सोडायला लावले असते, तर निवळी दुधाळ झालेली बघून तो कार्बन डायऑक्साइड आहे हे मला तेव्हाच कळलं असतं!

ताई, पुढच्या मे महिन्यात गावी जाईन तेव्हा आमच्या शाळेत एक आठवडा हेच करतो.

रानजाई

दादा, जरूर करा आणि इथे लिहा.

आमच्याकडची ताजी बातमी. डब्यात चिठ्ठी आली : "राब का भाजतात?" इथे भात-नागलीच्या रोपांसाठी जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण रचून एप्रिल-मेमध्ये जाळतात. मी म्हटलं, राखेतून पोटॅश मिळतं, तणाचं बी जळतं. एक मुलगा म्हणाला, "मग चुलीतली राख आणून टाकली तर भाजायची गरज नाय. झाडं पन तोडायला नको." दुसरा म्हणाला, नाही, माती तापायलाच हवी. भांडण जुंपलं. शेवटी त्यांनी चार वाफे ठरवले : एक भाजलेला. एक न भाजता चुलीची राख घातलेला. एक भाजून राख झाडून टाकलेला. एक नुसता. जूनमध्ये चारही ठिकाणी मोजून तेवढंच बी पेरायचं आणि तण मोजायचं. मी सुचवलेलं नाही हे. चौथा वाफा कशाला, असं मी विचारलं तर मुलगी म्हणाली, "नायतर कळंल कसं?"

एकाच्या आजोबांनी बांधाजवळची जागा दिली आहे. भाजायला तीन आठवडे आहेत. अडचण एक : माती दोन बोटं खोलवर किती तापते ते मोजायचं आहे, आणि शाळेत फक्त काचेचा तापमापी आहे, तो फुटेल. काय वापरावं?

कोपीतला

काचेचा अजिबात घालू नका. माझ्याकडे धातूच्या लांब सळईचा डिजिटल तापमापी आहे, प्रयोगशाळेत नवीन आल्यापासून पडून आहे, माझ्या स्वतःच्या पैशाचा. तीनशे अंशांपर्यंत चालतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, सोमवारी कुरिअर करतो. बरोबर दोन जादा सेल टाकतो. आणि नोंदवहीचं एक पान तरी इथे चढवा.